घडांवर एकही डाग नव्हता

नाना,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तुम्हाला मुद्दाम सांगावं असं फारसं घडलं नाही, आणि जे घडलं ते तुम्हाला विचारून करावं असं मला कधी वाटलं नाही. आज लिहिते आहे तेही विचारण्यासाठी नाही. मी एका दाखल्यावर सही करायला नकार दिला आहे. दाखला आपल्या ड्रायव्हिंग स्कूलचा आहे आणि तो ज्याला हवा आहे तो घरचा जावई आहे, तुमच्या नातीचा, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीचा, नवरा. त्याला शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी मिळते आहे. त्यासाठी जड वाहनाचा परवाना लागतो, परवान्यासाठी आधी शिकल्याचा दाखला लागतो, आणि त्या शाळेला तो आपल्याच स्कूलचा हवा आहे. दीड महिना झाला, घरात माझ्याशी कोणी धड बोललेलं नाही. धाकटा म्हणतो, नानांनी सही केली असती. बरोबर आहे. केली असती. म्हणून तुमच्याशीच बोलायचं आहे.

तुम्ही बावीस वर्षं चोपड्याकडची केळी दिल्लीला नेलीत. कधी कानपूर, कधी लुधियाना, जवळची खेप असली तर सुरत. मग कंबर धरली, आणि तुम्ही तोच ट्रक जळगावात आणून उभा केलात, बाजूच्या सीटपुढे जादा ब्रेक आणि क्लच बसवून घेतलात आणि लोकांना शिकवायला लागलात. मी तेव्हा कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तुमचा उजवा हात चालेनासा झाला तेव्हा सह्यांपुरती म्हणून ऑफिसात येऊन बसले. सह्या करायला बसलेली बाई पुढे ट्रकमध्ये बसायला लागली. आता नवे लोक मला मॅडम म्हणतात, जुने अक्का म्हणतात. कॉलेजात शिकवलेल्या कवितांपैकी फारशा आठवत नाहीत, त्याचं दुःखही नाही. ट्रक दुसरा आला. तुमची परीक्षा मात्र मी तशीच चालू ठेवली.

आरटीओची परीक्षा वेगळी, ती त्यांची ते घेतात. आपला दाखला हातात पडण्याआधी आपली परीक्षा. ट्रकच्या हौद्यात कच्च्या केळीचे दहा घड, खाली थोडा पाला, वर काही नाही, आणि बांधायचे नाहीत. जळगावहून निघायचं, तापीचा पूल ओलांडायचा, चोपड्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. परत आल्यावर घड होते तसेच हिरवे दिसतात. कच्च्या केळीला बसलेला मार तेव्हा कळत नाही. केळ पिकलं की तो सालीवर काळा उठतो. म्हणून निकाल पाच दिवसांनी. तोवर घड आपल्या स्वयंपाकघरात, मोरीशेजारच्या कोपऱ्यात, पोत्याखाली पडलेले असायचे. पाचव्या दिवशी शिकणारा माणूस चपला बाहेर काढून स्वयंपाकघरात येतो आहे, तुम्ही उकिडवे बसून पोतं बाजूला करता आहात, आई चुलीकडे तोंड करून म्हणते आहे, "पास झालेले आपली केळी घरी नेतील. नापासांची आपणच खायची. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय कोण जाणे." एकदा एक मिशाळ गडी, ट्रान्सपोर्टवाल्याचा भाचा, डागावर बोट ठेवून म्हणाला, "नाना, हा झाडावरचाच डाग असेल." तुम्ही वर न पाहता विचारलंत, "झाड ब्रेक मारस का?" तो माणूस आणखी दोन महिने शिकला. पुढे त्याचेच चार ट्रक झाले, आणि आपल्या दाखल्याशिवाय तो ड्रायव्हर ठेवत नसे. अशा माणसांमुळे आपल्या दाखल्याला किंमत आली.

हे सगळं मला पटत होतं. आणखी एक गोष्ट पटत होती, ती तुमची मुलखांची. तुमच्या मते गाडी चालवण्याची रीत मुलखात असते, पाण्यासारखी, आणि तिला माणूस काही करू शकत नाही. नंबरप्लेट पाहून तुम्ही माणूस सांगायचात. एमएच अठरा, धुळ्याचा: हा वळण्याआधी सांगणार नाही, वळून झाल्यावर सांगेल. एमएच एकोणीस, जळगावचा, म्हणजे आपलाच: हा सांगेल आणि वळणारच नाही. गुजरातचा जागा देतो, पण कोणाला दिली ते काच खाली करून बघतो. इंदूरचा हॉर्न वाजवतो तो रागानं नाही, सोबत म्हणून. सातपुड्याच्या पायथ्याला दोन जीपा समोरासमोर आल्या की रस्त्याच्या मधोमध थांबतात, दोघांचं लग्नकार्याचं, पिकापाण्याचं बोलून होतं, आणि मागे अडकलेले हॉर्न वाजवत नाहीत, कारण त्यांनाही ऐकायचं असतं. मी हसायचे. पुढे मीही शिकणाऱ्यांना हेच सांगून हसवलं. या सगळ्याच्या शेवटी तुम्ही म्हणायचात की लुधियानात लुधियान्यासारखी चालवायची आणि दिल्लीत दिल्लीसारखी, नाहीतर आपणच मधे सापडू. आणि आपल्याकडचं काय, असं मी विचारलं की हात झटकून, "अठे बठ्ठा असाच चालाडतस."

इथं सगळे असेच चालवतात, हे वाक्य आता मला जागोजाग ऐकू येतं. मान वाकडी करून खांद्यात फोन धरलेला मोटरसायकलवाला उलट्या बाजूनं येतो, मी थांबते, तो माझ्याकडे असा बघतो की मीच त्याच्या वाटेत आले. मध्यंतरी चौकात सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलेना. मी उतरून काचेवर टकटक केली. आतला तरुण मांडीवर फोन ठेवून मॅच बघत होता.

"काय झालं, मॅडम?"

"हिरवा झालाय."

"मग जा ना."

"तुमच्यावरून जाऊ का?"

तो हसला. त्याला राग आला नाही, याचाच मला राग आला. "मॅडम," तो म्हणाला, "हे जळगाव आहे. पुणं नाही. इथं असंच चालतं."

मी त्याच्या खिडकीशी उभी राहिले. सिग्नल पुन्हा लाल होईपर्यंत उभी राहिले. त्याला जाता येईना, मागच्यांनाही जाता येईना. मागच्यांनी शिव्या दिल्या त्या मला, त्याला नाही. पण मी हलले नाही, नाना. मी पन्नाशीची बाई भर चौकात कमरेवर हात ठेवून उभी होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. पुण्यात माझा अख्खा एक उन्हाळा गेला आहे. तिथंही असेच आहेत, फक्त ते तोंड वर करून म्हणत नाहीत की हे आमच्या मुलखाचं आहे.

आता एका दिवसाचं सांगते, जो तुम्हाला आठवत नसेल. मी दहा वर्षांची आहे. उन्हाळ्याची सुट्टी आहे. तुम्ही चोपड्याहून केळी भरून निघाला आहात आणि मला वाटेत शिरपूरला मावशीकडे सोडणार आहात. मी केबिनमध्ये तुमच्या आणि क्लीनरकाकांच्या मधे बसले आहे, पाय टेकत नाहीत. ट्रक इतका हळुवार चालला आहे की मला मधून मधून झोप येते. तुम्ही खड्डा दिसायच्या आधीच वेग उतरवता, ब्रेकवर पाय ठेवता तो कोणाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. मला तुमचा अभिमान वाटतो आहे. समोर एक बाई चालली आहे, डोक्यावर पऱ्हाटीचा भारा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, आणि भारा इतका आडवा की अर्धा रस्ता तिनंच व्यापला आहे. पलीकडून जीप येते आहे. तुम्हाला थांबायला हवं. तुम्ही थांबत नाही. हॉर्नवर हात ठेवता आणि काढत नाही. बाई मागे वळायचा प्रयत्न करते, भाऱ्यामुळे तिला वळता येत नाही, ती रस्त्यावरून खाली उतरते, उतरताना तिचा पाय घसरतो. मला आरशात भारा सुटलेला दिसतो, काड्या पसरलेल्या दिसतात. बाई दिसत नाही.

मी म्हणाले, "नाना, थांबा ना."

तुम्ही म्हणालात, "मांगे माल शे. गप बस."

शिरपूरला पोचल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर मागे चढलात, पाला बाजूला केलात आणि घडांवर हात फिरवलात. खाली उतरलात तेव्हा तुमचा चेहरा शांत होता. क्लीनरकाकांना तुम्ही समजावून सांगत होतात, तिथे ब्रेक मारला असता तर सगळे घड पुढे सरकले असते, दिल्लीत माल परत केला असता. मला तुम्ही उसाचा रस पाजलात. मी पूर्ण ग्लास प्यायले. त्या बाईचं काय झालं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. ती उठली असेल. बहुतेक माणसं उठतात. पण आपण बघितलं नाही.

मी हे पुढे कधी बोलले नाही. तुम्ही वाईट ड्रायव्हर होतात असं मी म्हणत नाही. तुमच्याइतका हलका पाय मी अजून पाहिलेला नाही. एवढंच म्हणते की तो हलका पाय हौद्यात जे होतं त्याच्यासाठी होता.

आता जावयाचं. तो धुळ्याचा. बोलायला गोड, कामाला वाघ, तुमच्या नातीला जीव लावतो. यातलं काहीच मी नाकारत नाही. दोन वर्षं सुरतला एका कारखान्याच्या मालकाची गाडी चालवत होता. आता आईवडिलांपाशी राहायचं म्हणून धुळ्याला परत आला आहे. ही बसची नोकरी त्याला मिळते आहे ती एका विश्वस्तामुळे. ते विश्वस्त तरुणपणी तुमच्याकडे शिकले आहेत, स्वयंपाकघरात उकिडवे बसून केळी बघून गेले आहेत. म्हणून त्यांना आपला दाखला. जावई महिनाभर जळगावात राहून शिकला. ट्रक त्याच्या हातात लगेच बसला. तुम्ही असता तर मांडीवर थाप मारली असती.

परीक्षेच्या दिवशी चोपड्याला जाऊन आम्ही परत निघालो होतो. अडावद मागे टाकलं. ऊन चढलं होतं, रस्ता मोकळा होता. त्याचा फोन वाजला. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "आत्या, शाळेतूनच असेल," आणि फोन मांडीवर घेऊन अंगठ्यानं काहीतरी लिहायला लागला. समोर एक म्हातारा सायकलवर होता, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. जावयानं मान वर केली, सायकल पाहिली, डाव्या हातानं हॉर्न दाबला आणि मान पुन्हा खाली घातली. वेग उतरवला नाही. जागा पुष्कळ होती, चार हात उजवीकडे सरकला असता तरी चाललं असतं. तो सरकला नाही, कारण सायकलवाला सरकणार हे त्यानं धरलं होतं. माझ्या पायाखाली ब्रेक होता. मी दाबला. पण दाबला तो तुमच्यासारखा, हळूहळू, थांबवत आणत. तेवढ्यात म्हातारा खडीवर उतरला आणि आडवा झाला.

मी उतरून मागे चालत गेले. म्हातारा बसून गुडघा बघत होता. एक कॅन सांडला होता.

"फार लागलं का, बाबा?"

"गाडी मोठी शे म्हनीसन रस्ता तुमना व्हई ग्या का?"

"चूक आमची आहे."

"आमनी म्हंजे कोननी?" त्यानं ट्रककडे हात केला. "चालाडनारा तठे बठेल शे. तो खाली उतरना नही. तू काबर उतरनी?"

मी त्याची सायकल उभी केली, गुडघ्यावर पाणी ओतलं. तो म्हणाला, "जाय बाई, तुले उशीर व्हई." त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, हे मी परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंत ठरवत होते.

मी ट्रकमध्ये चढले. जावयानं विचारलं, "लागलं का त्याला?"

"गुडघा सोलवटलाय. दूध सांडलंय."

"एवढंच ना, मग ठीक आहे." त्यानं गिअर टाकला. "पण आत्या, ब्रेक काय हळू दाबलात तुम्ही. मानलं. केळीला काही झालं नसेल."

तो मनापासून माझं कौतुक करत होता.

पाचव्या दिवशी सगळे स्वयंपाकघरात जमले. धाकटा, त्याची मुलगी, जावई. पोतं धाकट्यानं उचललं. केळी पिवळीधमक झाली होती. घडांवर एकही डाग नव्हता. मी फणी न् फणी उलटून पाहिली, देठापाशी पाहिलं, खाली दबलेल्या बाजूला पाहिलं. इतकी स्वच्छ केळी मी तुमच्या वेळीही पाहिली नव्हती. धाकट्यानं एक सोलून तोंडात टाकलं आणि म्हणाला, "आण फॉर्म."

मी म्हटलं, "मी सही करणार नाही."

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. "अक्का, एक डाग दाखव. एक. मग नको करू."

"डाग नाहीये."

"मग?"

मी सायकलवाल्याचं सांगितलं. धाकटा ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ते काही उमटत नव्हतं. "त्याचा हात मोडला का? पाय मोडला का? रोज असे पन्नास खाली उतरतात, अक्का. नानांच्या ट्रकपुढे उतरले नसतील?"

"उतरले. मी पाहिलंय."

"आणि नाना सही करत होतेच की लोकांना."

"करत होते. म्हणूनच मी नाही करत."

तेव्हा जावई बोलला. तो चिडला नव्हता. मला समजावून सांगावं अशा सुरात म्हणाला, "आत्या, तुम्हाला वाटतंय मला येत नाही. सुरतला दोन वर्षांत मी फोनला हात लावला नाही गाडीत. हॉर्न तर विसरलोच होतो. तिथं चौकाचौकात कॅमेरे, मालक मागं बसलेला. इथं तसं करून बघा. हॉर्न नाही वाजवला तर कोण सरकतं? इथं असंच चालवावं लागतं."

नाना, तोवर माझ्या मनात थोडी जागा होती. त्याला येत नसेल, शिकवलं तर येईल, असं मला वाटत होतं. त्या वाक्यानं ती जागा संपली. त्याला सगळं येतं. सुरतला येतं, मालक मागे असला की येतं, हौद्यात केळी असली की येतं. तापी ओलांडून अडावदच्या रस्त्यावर एक म्हातारा सायकलवर असला की येत नाही. तुम्ही म्हणायचात मुलखाचं पाणी. हे पाणी नाही. या माणसापुढे वेग उतरवायचा आणि त्या माणसापुढे नाही, हे जो तो सीटवर बसल्यावर ठरवतो, आणि त्याचं खापर जळगाव-धुळ्यावर फोडतो. मी जळगावची आहे. माझ्या नावावर कोणी हे खपवू नये.

मग तुमची नात पुढे झाली. ती म्हणाली, "आत्या, बसमध्ये मुलं असतील तेव्हा तो नीटच चालवेल. केळी नीट आणली, मग मुलं आणणार नाही का?"

"आणेल. मुलं सुखरूप आणेल. बाहेरच्यांचं काय?"

"कोण बाहेरचे?"

तिला खरोखरच कळलं नव्हतं. ती चांगली मुलगी आहे. मी सांगितलं की दोन महिने त्यानं रोज सकाळी साडेसहाला यावं, ट्रकच्या हॉर्नची वायर मी काढून ठेवीन, फोन ऑफिसात राहील, बाजाराच्या दिवशी आपण बाजारातून जाऊ आणि त्याला हॉर्नशिवाय वाट काढावी लागेल. मग मी सही करीन. जावई म्हणाला, शाळा जूनमध्ये उघडते, दोन महिने जागा थांबणार नाही. मी म्हटलं, मग दुसरा कोणी येईल. तुमची नात म्हणाली, "आणि तो दुसरा यांच्याहून वाईट चालवत असला तर?"

"त्याच्या दाखल्यावर माझी सही नसेल."

हे उत्तर पुरेसं नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तिनं माझ्याकडे जसं पाहिलं त्यावरून तिलाही ते कळलं. पण दुसरं माझ्याकडे नव्हतं, आणि आजही नाही. ती उठली, केळी तिथेच ठेवून गेली. या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी आली, माझ्या घरावरून गेली, आत आली नाही. धाकट्याच्या बायकोनं पुरणपोळ्या पाठवल्या त्या शेजारणीच्या हातून. विश्वस्तांचा फोन आला होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की दाखला अजून झालेला नाही. ते म्हणाले, "नानांच्या शिस्तीत चाललंय म्हणजे," आणि खूश होऊन फोन ठेवला. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. तेवढं तुमच्यासाठी केलं असं समजा.

धाकटा दर चार दिवसांनी येतो. बसतो, पाणी पितो, म्हणतो, "आपला माणूस आहे, अक्का." तुम्हीही हेच म्हणायचात. बाहेरच्यांना केळी पिकेपर्यंत थांबवायचात. मामाच्या मुलाला, चुलतभावाच्या साडूला पोतं न उचलता दाखला द्यायचात. मी नको म्हटलं तर म्हणायचात, "आपला मानूस शे, करी दे सही." तुमचा हात चालत नव्हता, तुम्ही म्हणायचात आणि मी करायचे. अशा किती केल्या ते मी मोजलेलं नाही. त्यातला एक जण अजून मला चौकात हात करतो, चालत्या गाडीतून, फोन धरलेला हात.

तर हे असं आहे. शाळा पुढच्या आठवड्यात उघडते. जावई आला नाही, येईल असं दिसत नाही, नोकरी जाणार. तुमच्या नातीच्या घरात यंदाचं वर्ष कठीण जाणार आणि त्याचं कारण मी. मी ते कारण व्हायला तयार आहे. तुम्ही असता तर माझ्याकडून पेन घेऊन डाव्या हातानं सही केली असती, आणि मी फॉर्म तुमच्या हाताखालून ओढून घेतला असता. आयुष्यात तुमच्याशी एकदाही भांडले नाही. हे पहिलं समजा.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून आणखी एक लिहिता येतं. जावयाचा कारचा परवाना, ज्याच्यावर तो सुरतला गेला, त्याचा दाखलाही आपल्याच ऑफिसातून गेला होता. लग्नानंतर तो पहिल्यांदाच मुक्कामाला आला होता. मी त्याला चार दिवस शिकवलं, तेही फिरायला नेल्यासारखं. तिसऱ्या दिवशी त्यानं एका हातानं स्टिअरिंग धरून सासूला व्हिडिओ कॉल लावला, बघा मी गाडी चालवतोय म्हणून, आणि मी त्याच्या शेजारून वाकून त्या कॉलमध्ये हात हलवला. दाखल्यावर मी एकवीस दिवस असं लिहिलं. तेव्हा तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली होती. सही कर असं मला कोणी म्हटलेलं नव्हतं. धाकट्याला हे माहीत आहे, तो तेव्हा समोरच बसला होता. दीड महिन्याच्या भांडणात त्यानं ते एकदाही तोंडातून काढलेलं नाही. मीही नाही.